पक्ष, माणूस आणि मत : अमेरिकेतील १८८४ ची निवडणूक

लोकसत्ताक राज्यपद्धतीत मतदारांचे सामान्यतः दोन वर्ग मानले जातात. एक अमुक पक्षाचा, दुसरा तमुक पक्षाचा. सभा, मिरवणुका, जाहीरनामे आणि वृत्तपत्रे ही सारी जणू या दोन वर्गांसाठीच चाललेली असतात. परंतु या दोहोंच्या मधोमध एक तिसरा मतदार नेहमीच उभा असतो. त्याचा निश्चय झालेला नसतो. तो दोन्ही बाजू ऐकतो, मनाशी तोलतो, आणि मतदानाचा दिवस जवळ आला तरी त्याच्या तराजूचा काटा हलतच असतो. पक्षाभिमानी लोक त्यास दुबळा म्हणतात, प्रसंगी संधिसाधूही म्हणतात. हा आक्षेप कितपत खरा, याचा विचार करावयाचा असेल, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८८४ साली झालेल्या अध्यक्षाच्या निवडणुकीइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल.

त्या वेळची परिस्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १८६१ ते १८६५ या काळात उत्तर व दक्षिण संस्थानांत यादवी युद्ध झाले. लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाने संघराज्य अभंग राखले आणि गुलामगिरी नष्ट केली. उत्तरेकडील ज्या तरुणांनी त्या युद्धात रक्त सांडले, त्यांच्या दृष्टीने रिपब्लिकन पक्ष हा केवळ राजकीय पक्ष उरला नव्हता. तो कुळाचारच होऊन बसला होता. उलट डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे बंडखोर दक्षिणेचा पक्ष, अशी त्यांची भावना होती. १८६० पासून १८८० पर्यंतच्या सहाही निवडणुकांत रिपब्लिकन उमेदवारच अध्यक्ष झाला, याचे एक कारण हेच होय.

परंतु दीर्घकाळ हाती राहिलेली सत्ता पुण्याईवर जगू लागते, आणि पुण्याई खर्च होत जाते. सरकारी नोकऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्यांना बक्षीस म्हणून वाटण्याची रूढी दोन्ही पक्षांत बोकाळली होती. १८८१ साली अशाच एका निराश झालेल्या नोकरीच्या उमेदवाराने अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली व त्यात त्यांचा अंत झाला. या आघाताने देश जागा झाला, आणि १८८३ च्या आरंभी काही सरकारी जागा परीक्षा घेऊन गुणवत्तेवर भरण्याचा पेंडल्टन कायदा संमत झाला. राज्यकारभार शुद्ध असावा, ही मागणी करणारा सुशिक्षितांचा एक लहानसा वर्ग बोस्टन, न्यूयॉर्क इत्यादी शहरांत तयार झाला होता. हे बहुतेक सारे जन्माने व अभिमानाने रिपब्लिकन होते.

अशा स्थितीत जून १८८४ मध्ये शिकागो येथे रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले आणि अध्यक्षपदासाठी मेन संस्थानच्या जेम्स ब्लेन यांची निवड झाली. ब्लेन हे विलक्षण वक्तृत्वाचे, प्रसन्न व्यक्तिमत्त्वाचे आणि दांडग्या स्मरणशक्तीचे पुढारी होते. १८६९ ते १८७५ पर्यंत ते लोकप्रतिनिधी सभेचे सभापती होते. त्यांचे गृहस्थजीवन निष्कलंक समजले जात होते. तथापि सार्वजनिक जीवनात त्यांच्यावर एक डाग होता. सभापती असताना आर्कान्सासमधील एका रेल्वे कंपनीच्या जमिनींना अनुकूल असा निर्णय त्यांनी दिला, आणि पुढे त्याच कंपनीचे रोखे आपल्या ओळखीच्या लोकांत खपवून त्यावर दलाली मिळविली, असा तो आरोप होता. १८७६ साली चौकशी चालू असता मुलिगन नावाचा एक हिशेबनीस त्यांची पत्रे घेऊन वॉशिंग्टनला आला. ब्लेन यांनी ती पाहावयास म्हणून मागून घेतली, परत मात्र केली नाहीत. आणि मग भर सभेत त्यांतील हवे ते उतारे स्वतःच वाचून दाखवून टाळ्या मिळविल्या. सप्टेंबर १८८४ मध्ये आणखी काही पत्रे छापून आली. त्यांतल्या एका पत्राबरोबर ब्लेन यांनी आपणच निर्दोष असल्याचा मजकूर तयार करून दुसऱ्याकडे सहीसाठी पाठविला होता, आणि शेवटी हे पत्र जाळून टाकावे, अशी सूचना लिहिली होती. ते जाळले गेले नाही.

आता या शुद्धतेच्या पुरस्कर्त्यांपुढे पेच उभा राहिला. जॉर्ज विल्यम कर्टिस हे ‘हार्पर्स वीकली’ या प्रसिद्ध साप्ताहिकाचे संपादक. पक्षाच्या बाल्यावस्थेपासून त्यांनी त्याची सेवा केली होती. कार्ल शुर्झ हे १८४८ च्या क्रांतीनंतर जर्मनीतून आलेले निर्वासित. यादवी युद्धात ते संघराज्याच्या बाजूने सेनापती म्हणून लढले आणि पुढे रिपब्लिकन मंत्रिमंडळात मंत्री झाले. अशा माणसांनी पक्ष सोडावयाचा म्हणजे आपल्याच आयुष्याच्या पूर्वार्धास विचारावे लागत होते की, तू खोटा होतास काय? तरीही या दोघांनी व त्यांच्या अनुयायांनी ब्लेन यांना मत देण्याचे नाकारले. विरोधकांनी त्यांना ‘मगवम्प’ असे कुचेष्टेचे नाव ठेवले. हा शब्द अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषेतला. त्याचा अर्थ मोठा सरदार. स्वतःस शहाणे समजणारे बडे लोक, असा त्यातील टोमणा होता. पुढे त्यावर असाही विनोद रूढ झाला की, मगवम्प म्हणजे कुंपणावर बसलेला पक्षी. त्याचे तोंड एका बाजूस आणि बूड दुसऱ्या बाजूस.

हा विनोद हसण्यासारखा असला, तरी न्याय्य नव्हे. ब्लेन यांना नाकारणे सोपे होते. पण मग मत कोणास? डेमोक्रॅटिक पक्षाने जुलैमध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर ग्रोव्हर क्लीव्हलँड यांना उभे केले. बफेलो शहराचे मेयर व नंतर गव्हर्नर म्हणून त्यांनी पैसेखाऊ ठरावांना निर्भयपणे नकार दिला होता. स्वपक्षातील टॅमनी हॉल या बलाढ्य टोळीचाही रोष त्यांनी ओढवून घेतला होता. शुद्धतावाद्यांना हा माणूस हवाहवासा वाटला. इतक्यात, जुलै संपण्यापूर्वीच, बफेलोच्या एका वृत्तपत्राने बातमी छापली की, अविवाहित क्लीव्हलँड यांचे एका विधवेशी संबंध होते आणि तिला झालेल्या मुलाचे पितृत्व त्यांच्याकडे जाते. मित्रांनी काय करावे असे विचारताच, खरे असेल ते सांगा, असे उत्तर क्लीव्हलँड यांनी दिले. त्या मुलाच्या खर्चाची जबाबदारी आपण घेतली होती, हे त्यांनी नाकारले नाही.

ज्यांनी नीतीच्या नावाने पक्ष सोडला, त्यांच्यासमोर नीतीचाच प्रश्न असा उलटून उभा राहिला. एकाचे घर स्वच्छ, पण कचेरी मलीन. दुसऱ्याची कचेरी स्वच्छ, पण घरात कलंक. मगवम्पांपैकी एकाने यावर तोडगा काढला, अशी आख्यायिका आहे : ज्याचे सार्वजनिक आचरण चांगले त्यास सार्वजनिक पदावर बसवावे, आणि ज्याचे खाजगी जीवन चांगले त्यास खाजगी जीवनातच सुखाने राहू द्यावे. युक्तिवाद चतुर होता, आणि त्यात तथ्यही होते. अध्यक्षपद ही लोकांची ठेव आहे. ती सांभाळण्यास जो गुण अवश्य, तोच प्रथम पाहावयाचा. मात्र त्या स्त्रीचीही एक बाजू होती. ऑक्टोबरअखेर तिच्या नावाने जे शपथपत्र प्रसिद्ध झाले, त्यात क्लीव्हलँड यांच्यावर केवळ चंचलपणाहून फार गंभीर असा दोष ठेवलेला होता. निवडणुकीच्या धुमाळीत तिकडे फारसे कोणी पाहिले नाही.

सगळेच शुद्धतावादी पक्षाबाहेर पडले असेही नाही. न्यूयॉर्कच्या विधिमंडळातील पंचवीस वर्षांचे थिओडोर रूझवेल्ट आणि बोस्टनचे हेन्री कॅबट लॉज या दोघांनी अधिवेशनात ब्लेन यांना कसून विरोध केला होता. तरी निवड झाल्यावर ते पक्षातच राहिले. पक्षाबाहेर पडून हात स्वच्छ राहतात, पण सामर्थ्य जाते, असा त्यांचा विचार होता. बोस्टनच्या कित्येक जुन्या स्नेह्यांनी यामुळे लॉज यांच्याशी बोलणे टाकले. पुढे १९०१ साली रूझवेल्ट अध्यक्ष झाले, हे पाहता त्यांचा हिशेब अगदीच चुकला, असे कोण म्हणेल?

त्या काळी मन बदलणे किती अवघड होते, हे मतदानाच्या रीतीवरूनही दिसते. सरकारी मतपत्रिका अस्तित्वातच नव्हती. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांची यादी स्वतः छापी आणि मतदार ती उघडपणे नेऊन पेटीत टाकी. कागदाच्या आकारावरून वा रंगावरून कोणी कोणास मत दिले, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांस, मालकास, पक्षाच्या मुकादमास सहज कळे. एखादे नाव नको असेल, तर ते खोडून वर दुसरे लिहावे लागे. गुप्त मतदानाची सरकारी पत्रिका संस्थानभर लागू करणारा कायदा मॅसॅच्युसेट्सने केला तो १८८८ साली. म्हणजे १८८४ च्या डळमळीत मतदारास निश्चय करून भागत नव्हते; तो निश्चय चारचौघांत मिरवावा लागत होता.

परंतु मगवम्पांच्या तराजूत एक गोष्ट फारशी पडलीच नाही. दक्षिणेतील मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना १८७० च्या घटनादुरुस्तीने मताचा हक्क मिळाला होता; १८७७ साली उत्तरेचे सैन्य तेथून निघाले, आणि धाकदपटशाने तो हक्क हिरावला जाऊ लागला. या लोकांना निर्णय करण्यासाठी सप्टेंबरची पत्रे वाचण्याची चैन परवडणारी नव्हती. स्वतः गुलामगिरीतून निसटून आलेले त्यांचे थोर पुढारी फ्रेडरिक डग्लस रिपब्लिकन पक्षाशीच एकनिष्ठ राहिले. रेल्वेच्या रोख्यांत कोणी दलाली खाल्ली, यापेक्षा आपल्या मुलांना मतपेटीपर्यंत जाता येईल की नाही, हा प्रश्न त्या समाजास मोठा होता.

स्त्रियांना तर तराजूच दिलेला नव्हता. त्या वर्षी बेल्वा लॉकवुड या वकील बाई अध्यक्षपदास उभ्या राहिल्या. पण बहुतेक ठिकाणी स्त्रियांस मत नसल्यामुळे त्यांना स्वतःचे मतसुद्धा देता येत नव्हते. याच सुमारास आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात शिकत होत्या. १८८६ साली त्यांच्या पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई गेल्या, दोन वर्षांहून अधिक काळ त्या देशात फिरल्या, आणि १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. तेथील स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा सार्वत्रिक हक्क १९२० साली मिळाला.

निवडणुकीच्या आठवडाभर आधी, २९ ऑक्टोबर रोजी, न्यूयॉर्कमध्ये एका धर्मोपदेशकाने ब्लेन यांच्या समक्ष डेमोक्रॅटिक पक्षाचा संबंध दारू, रोमन कॅथलिक पंथ आणि बंडखोरी यांच्याशी जोडला. ब्लेन यांनी त्याचा तत्काळ निषेध केला नाही, आणि जे कॅथलिक आयरिश मतदार त्यांच्याकडे वळू पाहत होते ते दुखावले. त्याच रात्री ब्लेन बड्या धनिकांच्या मेजवानीस गेले, याचीही व्यंगचित्रे निघाली. ४ नोव्हेंबरला मतदान झाले. सारा निकाल न्यूयॉर्कवर येऊन ठेपला. तेथील साडेअकरा लाखांहून अधिक मतांत क्लीव्हलँड यांना मिळालेले आधिक्य होते अवघे अकराशेच्या आसपास. त्या संस्थानची ३६ निर्वाचक मते त्यांच्या पारड्यात पडली व २१९ विरुद्ध १८२ अशा मतांनी ते अध्यक्ष झाले. ती ३६ मते उलट गेली असती, तर ब्लेन २१८ मतांनी निवडून आले असते.

हा विजय मगवम्पांचाच, असे मात्र म्हणता येत नाही. आयरिश मतदार रागावले होते. दारूबंदी पक्षाच्या उमेदवाराने न्यूयॉर्कमध्ये सुमारे २५,००० मते घेतली होती. आणि ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये मगवम्पांचा एवढा गाजावाजा, तेथे ब्लेनच जिंकले. तरी आधिक्य इतके थोडे असता, कोणत्याही लहान गटाने दुसरीकडे तोंड फिरविले असते तर इतिहास निराळा झाला असता, हेही तितकेच खरे.

फळ कसे मिळाले? क्लीव्हलँड यांनी खजिन्याची राखण प्रामाणिकपणे केली. गुणवत्तेवर भरावयाच्या जागांची संख्याही त्यांच्या कारकीर्दीत वाढली. पण पक्षाच्या दडपणाखाली अनेक जुने पोस्टमास्तर बदलून आपली माणसे बसविली गेली, आणि मगवम्प हिरमुसले झाले. दक्षिणेत १८९० साली मिसिसिपीने नवी राज्यघटना करून कृष्णवर्णीयांचे मत जवळजवळ बंद पाडले. १८९४ साली, दुसऱ्यांदा अध्यक्ष असताना, क्लीव्हलँड यांनी मध्यवर्ती सरकारची निवडणुकांवरील देखरेख काढून टाकणाऱ्या कायद्यावर सही केली. ते संरक्षण पुन्हा भक्कमपणे मिळण्यास १९६५ साल उजाडावे लागले.

यावरून मगवम्प चुकले असा निवाडा देणे घाईचे होईल. भ्रष्ट माणसास केवळ आपला म्हणून मत देणार नाही, हे सांगण्यासाठी त्यांनी मैत्री, मान आणि आयुष्यभराचे ऋणानुबंध पणास लावले. अशी माणसे नसतील, तर पक्षांना कोणाचे भयच उरणार नाही. अनिश्चित मतदार दुबळा असतो, हा आक्षेप त्यांच्या चरित्राने खोटा ठरतो. मात्र त्याच चरित्रात दुसरेही एक सत्य दडलेले आहे. तराजू कितीही सच्चा असला, तरी पारड्यात जे घातलेलेच नाही त्याचे वजन तो दाखवू शकत नाही. दोन उमेदवारांच्या चारित्र्याचे माप त्या सज्जनांनी गुंजेगुंजेने घेतले. दूरच्या मतपेटीवरून जो माणूस हाकलला जात होता, त्याचे माप घ्यावयाचे मात्र राहून गेले.