उभ्या रेघेची कुळकथा

निजामशाहीत नगर शहराला पाणी मिळे ते खापरी नळांतून. कापूरवाडी, भिंगारकडचे पाणी नळाला नळ जोडत गावात आणले होते. संगणकातला 'पाइप'ही पाण्यावरूनच सुचला. बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी ११ ऑक्टोबर १९६४ च्या टिपणात मांडले की, बागेतल्या नळीला पुढचा तुकडा जोडावा तसे प्रोग्रॅम जोडता आले पाहिजेत. पुढची आठ-नऊ वर्षे त्यांनी हा लकडा सोडला नाही. शेवटी सहकारी केन थॉम्प्सन यांनी एका रात्रीत काम उरकले आणि १९७३ मध्ये पाइप युनिक्सच्या पुस्तिकेत आला. खूण म्हणून उभी रेघ मात्र थोडी नंतर ठरली.

या नळातून नुसते बाइट वाहतात, बहुतेक वेळा मजकुराचे. त्यामुळे कोणताही प्रोग्रॅम कोणालाही जोडता येतो, आणि चुकीचा जोडला तरी आदेश चालवणारा शेल हूं की चूं करत नाही.

जोडणी आधीच तपासून घेणारी एक भाषा म्हणजे १९९० ची हास्केल. एका फंक्शनचे उत्तर दुसऱ्याच्या हाती देणे हा तिचा रोजचा व्यवहार. मग फंक्शन आणि बाहेरचा प्रोग्रॅम एकाच ओळीत का जोडू नयेत? जॉन गोएर्झन यांच्या 'एचएसएच' लायब्ररीने नेमके तेच केले. तिची खूण म्हणजे दोन आडव्या रेघांमध्ये एक उभी रेघ.

समजा, नगर जिल्ह्यातल्या १४ तालुक्यांची नावे एका फाइलमध्ये आहेत, ओळीला एक. 'कॅट' ती वाचतो. पुढे आपले फंक्शन 'श्री'ने सुरू होणाऱ्या ओळीच ठेवते. शेवटी 'डब्ल्यूसी' ओळी मोजतो. आत १४ ओळी, बाहेर आकडा २: श्रीगोंदा आणि श्रीरामपूर. दोन्ही टोकांना परके प्रोग्रॅम, मध्ये आपले फंक्शन. त्याच्यासाठी वेगळी फाइल नको की ऑक नको. मजकुराऐवजी आकडा मागणारे फंक्शन तिथे बसवले, तर स्क्रिप्ट चालण्याआधीच कंपायलर अडवतो. गॅब्रिएला गोन्झालेझ यांची 'टर्टल' लायब्ररी (२०१५) याच वाटेने पुढे गेली.

अर्थात फाइलमध्येच 'श्रीगोंदे' लिहिले असेल की 'श्रीगोंदा', हे कंपायलरला काय कळणार! बॅश या शेलचीही एक खोड आहे: पाइपलाइनमधला पहिला प्रोग्रॅम कोसळला तरी शेवटचा नीट संपला की सगळे आलबेल. 'पाइपफेल' लावले नाही तर ही चूक महिनोन्‌महिने दडून राहते.

तेव्हा एका ओळीचे काम असेल तर बॅशच बरा. स्क्रिप्ट पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार असेल, तर हास्केल शिकण्याचा त्रास घ्यावा.