मोटारीचें अंग घडविणारे हात

निजामाच्या राज्यांतील बीड हें गांव विसाव्या शतकाच्या आरंभीं दोन वस्तूंकरितां ओळखलें जात असे. एक चामड्याची छागल आणि दुसरी गुप्ती. ब्रिटिश अमदानींतील 'इंपीरियल गॅझेटियर'मध्यें या दोहोंची नोंद आहे. दोन्ही वस्तू प्रवाशाच्या. छागलींत वाटेचें पाणी, आणि काठीच्या पोटांत वाटेंतल्या भयासाठीं दडविलेलें पातें. बालाघाटाच्या डोंगरांतून जाणारा प्रवास त्या काळीं पायीं, घोड्यावर किंवा बैलगाडींतून होई. आणि ज्या वस्तूंची प्रवाशास गरज, त्या घडविणारे हात त्याच मुलखांत तयार होत.

पुढें या वाटांवर मोटार आली. छागल नाहींशी झाली नाहीं. ती चामड्याऐवजीं जाड कापडाची होऊन मोटारीच्या पुढच्या दांड्यास लटकूं लागली. परंतु या वाहनाबरोबर एक नवाच कारागीर पुढें आला. सपाट पत्र्यास हातोड्यानें गोलाई देऊन मोटारीचें अंग घडविणारा तो कारागीर होय. गॅझेटियर लिहिणारांस त्याची नोंद करतां आली नाहीं, कारण या मुलखांत तेव्हां तो यावयाचाच होता. आज त्याची नोंद करणें अगत्याचें झालें आहे, तें मात्र तो हळूहळू दिसेनासा होऊं लागल्यामुळें.

बीड जिल्ह्यास मोटारीचें महत्त्व इतर अनेक जिल्ह्यांहून अधिक होतें. परळी वैजनाथापर्यंत आगगाडी पूर्वींच पोंचली होती. परंतु खुद्द बीड शहराला लोहमार्ग लाभला तो २०२५ सालच्या सप्टेंबरांत, अहिल्यानगरकडून. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षें या शहराचा बाहेरच्या जगाशीं संबंध राहिला तो सडकेच्या आणि मोटारीच्या बळावर. हैदराबाद संस्थानानें १९३२ सालच्या जून महिन्यांत आपल्या रेल्वे खात्याच्या अंगभूत असा रस्तेवाहतुकीचा विभाग काढला, तेव्हां त्याजवळ २७ बसगाड्या आणि १६६ नोकर होते. सीमेपलीकडे मुंबई राज्याच्या एस. टी.ची पहिली गाडी १९४८ सालच्या जूनच्या पहिल्या तारखेस पुणें आणि अहमदनगर या शहरांच्या दरम्यान धांवली. त्यानंतर साडेतीन महिन्यांतच हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें आणि बीडपुढची ती राजकीय सीमा पुसली गेली.

त्या काळच्या मोटारीविषयीं एक गोष्ट आजच्या माणसास विस्मयाची वाटेल. मोटार ही एकसंध वस्तु म्हणून विकत मिळतेच असें नसे. कारखाना यंत्र, चाकें आणि त्यांस धरणारा लोखंडी सांगाडा देई; बसण्याची जागा, दारें, छप्पर आणि चाकांवरचे मडगार्ड हें सारें दुसऱ्या कारागिरांकडून बांधून घ्यावें लागे. विलायतेंत हें काम घोडागाड्या बांधणाऱ्या जुन्या पेढ्यांकडेच चालत आलें. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनीं रोल्स-रॉइसची एक मोटार मागविली होती. तिचें अंग लंडनच्या बार्कर या पेढीनें बांधलें. पिवळ्या रंगाची, आंत सिंहासनासारखें उंच आसन असलेली ही मोटार तयार होऊन येण्यापूर्वींच, १९११ सालीं, महबूब अली खान निवर्तले. ती आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यांत पहावयास मिळते. रोल्स-रॉइसचें नांव तिच्या यंत्राचें. परंतु पाहणाराचा डोळा ज्यावरून फिरतो तें रूप सुताराच्या रंध्यानें आणि पत्रा ठोकणाराच्या हातोड्यानें सिद्ध झालेलें आहे. संस्थानिकाची मोटार असो कीं बाजारच्या गांवास जाणारी बस असो, या एका बाबतींत दोघींची जात एकच होती. एस. टी.च्या पहिल्या गाड्यांचीं अंगेंही लांकडाचीं होतीं आणि बैठकी काथ्याच्या.

आतां ही गोलाई येते कशी तें पाहूं जातां या कलेचें मर्म ध्यानांत येतें. कागदाचा तुकडा नळीसारखा सहज गुंडाळतां येतो. परंतु त्याच कागदाची वाटी करूं गेल्यास त्यास चुण्या पडतात. पत्र्याचेंही तसेंच आहे. एकाच दिशेचा बांक कोणीही देईल. मडगार्डाला मात्र दोन्ही दिशांनीं बांक असतो, आणि तो केवळ वांकवून येत नाहीं. त्यासाठीं पत्र्याचा मधला भाग ताणून पसरवावा लागतो, किंवा कडा आंत दाबून आंखुडाव्या लागतात. मोटारीचा पत्रा जाडीनें साधारण एक मिलिमीटर. कारागीर तो वाळूच्या पिशवीवर किंवा ओंडक्यांत कोरलेल्या खळगींत ठेवतो आणि लांकडी मोगरीनें ठोकून खोल करतो. कडेला मुद्दाम चुणी पाडून ती बाहेर पळून जाऊं न देतां जागच्या जागीं ठोकून जिरवितो. असें केलें म्हणजे तेथील धातु आंखूड व जाड होतो. शेवटीं पत्र्याच्या पाठीशीं गुळगुळीत ऐरण धरून वरून हलक्या हातानें एकामागून एक ठोके देत सारी उंचसखल जागा सारखी केली जाते. या शेवटच्या क्रियेस मराठींत 'मठारणें' हा नेमका शब्द फार पूर्वींपासून आहे.

हा शब्द मोटारीबरोबर आला नाहीं. तो तांबटांचा आहे. पेशवाईंत पुण्याच्या कसबा पेठेंत वसलेल्या तांबट आळींत तांब्याच्या घागरी आणि बंब याच रीतीनें मठारले जात आले आहेत. ठोकतां ठोकतां धातूच्या आंतील कणांची रचना विस्कटते, तो कठीण होतो आणि अधिक ठोकल्यास तडकतो. म्हणून तो मधून मधून तापवून नरम करावा लागतो, हें तांबटांस शास्त्राच्या पुस्तकावांचून ठाऊक होतें. तांबें लाल होऊं लागलें कीं पुरे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांत मात्र फसगत होते, कारण तो लाल न होतांच वितळतो. त्यावर कारागिरांनीं शोधलेली युक्ति अशी कीं, पत्र्यावर साबण घांसावा आणि खालून आंच द्यावी. साबण काळपट तपकिरी झाला कीं पत्रा नरम झाला असें समजावें. या साध्या उपायांत जें ज्ञान सांठलें आहे तें पिढ्यांच्या अनुभवाचें आहे.

या हातावर पहिलें संकट आलें तें अमेरिकेंतून. एडवर्ड बड याच्या कारखान्यानें १९१४च्या सुमारास डॉज बंधूंच्या मोटारींसाठीं संपूर्ण पोलादी अंगें दाबयंत्रांतून काढण्यास आरंभ केला. दाबयंत्राचा सांचा फार महाग; पण एकदां तो तयार झाला कीं हजारों मडगार्ड तंतोतंत एकासारखे एक निघतात. अशा मोटारींपुढें हातोड्याचें कांहीं चालेना. भारतांत वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या मुंबईच्या कारखान्यांत १९४७ सालापासून मोटारी जोडल्या जाऊं लागल्या. आपल्याकडे हातोडा टिकला तो बसच्या आणि मालमोटारीच्या आश्रयानें. एस. टी.च्या गाड्यांचीं लांकडी अंगें जाऊन पोलादी आलीं, आणि १९६०च्या सुमारास, पोलाद गंजतें म्हणून, ॲल्युमिनियमचीं आलीं. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांतून हीं अंगें बांधलीं गेलीं. शिवाय तालुक्याच्या गांवच्या सडकेवर, लिंबाच्या सावलींत, अपघातांत चेंगरलेलें दार पुन्हां सरळ करून देणारा डेंटिंगवाला असेच. नवें दार मागविणें परवडत नसे आणि मिळण्यास महिने लागत. म्हणून पत्र्याला पूर्ववत् करणें हीच त्याची विद्या ठरली.

दुसरें संकट अधिक मुकाट्यानें आलें. आज मोटारीचें दार चेंगरलें तर तें काढून टाकून नवें बसवितात. किरकोळ खळगा असेल तर त्यांत पुट्टी भरून वर रंग देतात. दोन्ही उपायांत पत्रा घडविण्याचा प्रसंगच येत नाहीं. उमेदवारी करणाऱ्या मुलाच्या हातीं हातोडा येतो तो खोलगट जागा वर उचलण्यापुरता. सपाट पत्र्यापासून मडगार्ड कसा उभा रहातो हें त्यानें कधीं पाहिलेलेंच नसतें.

आणि नेमक्या याच वेळीं त्या विद्येची गरज पुन्हां उत्पन्न झाली आहे. जुन्या मोटारी मूळ रूपांत जतन करण्याची आवड आपल्याकडे वाढली आहे. भारत सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक वय झालेल्या आणि सांगाडा, अंग वा यंत्र यांत मोठा फेरफार न झालेल्या गाडीस 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळूं शकते. परंतु अशा गाडीचा कुजलेला मडगार्ड कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. त्याचा सांचा केव्हांच मोडींत गेलेला असतो, आणि हातानें बांधलेल्या गाडीला तर सांचा कधीं नव्हताच. मग कारागीर शाबूत राहिलेल्या दुसऱ्या बाजूच्या मडगार्डावरून कागदी नमुने काढतो, ते उलटवून लांकडाच्या फळ्यांचा एक ठोकळा उभारतो, आणि घडविलेला पत्रा त्यावर पुनः पुनः बसवून पाहतो. जेथें फट दिसेल तेथें आणखी ठोके. डोळा जेथें चुकतो तेथें तळहात चुकत नाहीं. पृष्ठभागावरून हात फिरवून त्याला केसाएवढा उंचवटा कळतो.

यांत एक नाजूक प्रश्नही आहे. गंजलेला मूळ पत्रा सारा काढून नवा बसवावा, कीं जेवढा शाबूत असेल तेवढा राखून उरलेल्या जागींच ठिगळ द्यावें? पहिल्यानें गाडी चकचकीत होते. दुसऱ्यानें तिचें साक्षीदारपण रहातें. जुन्या पत्र्याच्या आंतल्या बाजूस पूर्वींच्या कारागिराच्या हातोड्याच्या खुणा असतात. त्याचें नांव कोणत्याही दप्तरांत नाहीं. त्या खुणा हीच काय ती त्याची सही. जाणता कारागीर ती मोडीत घालण्यापूर्वीं दहांदां विचार करतो.

छागल करणारे हात थांबले, कारण छागलीची गरज सरली. त्यांत दुःख असलें तरी अन्याय नाहीं. पत्रा घडविणाराची गोष्ट तशी नाहीं. त्याची गरज परत आली आहे, आणि तालुक्याच्या गांवच्या सडकेवर ज्याला हें काम पुरतें येतें असा एकादा वृद्ध डेंटिंगवाला अजून सांपडूं शकेल. त्याच्याजवळ एकादें मूल बसवून त्यास सपाट पत्रा आणि मोगरी द्यावी, एवढेंच काम आहे. पण तें त्याचा हात चालता आहे तोंच झालें पाहिजे; कारण मडगार्डाचा नमुना कागदावर उतरवितां येतो, त्यावर फिरणाऱ्या तळहाताची समज तशी उतरवितां येत नाहीं.