व्हायोलिनवाल्याची लेक

१९०६ सालच्या १८ एप्रिलला पहाटे सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने हादरले आणि भूकंपातून जे बचावले त्यातले पुष्कळसे पुढच्या तीन दिवसांच्या आगीने गिळले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची मंडळी त्या वेळी दौऱ्यावर असून तिचा मुक्काम याच शहरात होता. आदल्याच रात्री कारूसोने ‘कार्मेन’ या संगीतिकेत गाऊन रसिकांना तृप्त केले होते. मंडळीचे पडदे जळाले, पोशाख जळाले आणि त्यांच्याबरोबर वाद्यवृंदातील बहुतेक वादकांची वाद्येही गेली. नामांकित गायकांचे धन त्यांच्या गळ्यात सुरक्षित होते, परंतु ज्याचे व्हायोलिन जळाले त्याचा रोजगारच जळाला. मंडळीतील ज्या थोर गायिकेच्या जिव्हारी ही गोष्ट लागली, तिने न्यूयॉर्कला परतल्यावर एक जलसा केला आणि त्याचे उत्पन्न वादकांना व समूहगायकांना देऊन टाकले. त्या गायिकेचे नाव मार्सेला सेम्ब्रिख.

बाईंच्या चरित्रात ही हकीकत सहसा एकदोन ओळींत आटोपते. मला मात्र त्यांचे सारे आयुष्य याच ओळींच्या आधाराने वाचावेसे वाटते, कारण वाद्य हरपणे म्हणजे घरातली चूल विझणे, हे ज्या घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही, अशाच घरात त्यांचा जन्म झाला होता.

ते घर गालिसिया प्रांतातील विश्न्येव्चिक नावाच्या खेड्यातले. १८५८ च्या फेब्रुवारीत मार्सेलिना कोखान्स्का तेथे जन्मली, तेव्हा पोलंड नावाचे राष्ट्र नकाशावरून नाहीसे होऊन साठाहून अधिक वर्षे लोटली होती. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन सत्तांनी तो मुलुख आपसांत वाटून घेतला होता आणि गालिसियावर ऑस्ट्रियाच्या बादशहाचा अंमल होता. दप्तरातून पुसले गेलेले हे राष्ट्र लोकांच्या भाषेत, प्रार्थनेत आणि गाण्यात तेवढे शिल्लक होते. मार्सेलिनाचे वडील गावचे व्हायोलिनवादक. मिळकत तुटपुंजी आणि खाणारी तोंडे पुष्कळ; पण चौथ्या वर्षी त्यांनी मुलीची बोटे पियानोवर ठेवली आणि सहाव्या वर्षी तिच्या हाती व्हायोलिन दिले. छापील स्वरलिपी विकत घेण्याची ऐपत नसल्याने उसन्या आणलेल्या प्रतींची नक्कल करण्याचे काम या पोरीकडे असे. पाच रेघांवर एकेक स्वर टाकाने उतरवीत बसणे हे काम कंटाळवाणे खरे, परंतु ज्याने एखादी रचना स्वतःच्या हाताने लिहून काढली त्याला तिचा सांगाडा, तिची वळणे आणि तिच्यातील विश्रांतीच्या जागा जशा उमगतात, तशा नुसत्या ऐकणाऱ्याला उमगत नाहीत. पुढे समीक्षकांनी त्यांच्या गायनातील ज्या शिस्तीची वाखाणणी केली, तिचे मूळ मला या नकलांत दिसते. आसपासच्या नाचगाण्याच्या समारंभांत वाजवून ती लहानपणीच चार पैसे घरी आणू लागली होती.

एका वृद्ध संगीतप्रेमी गृहस्थाच्या आश्रयाने अकराव्या वर्षाच्या सुमारास तिची ल्वूव्हच्या संगीत विद्यालयात रवानगी झाली. तेथील पियानोचे अध्यापक विल्हेल्म श्टेंगेल हे पुढे तिचे पती झाले. १८७४ साली तिला फ्रान्झ लिस्ट यांच्यापुढे उभे करण्यात आले. तिने त्यांना पियानो ऐकवला, व्हायोलिन ऐकवले आणि शेवटी गाऊन दाखवले; तेव्हा त्या वृद्ध कलावंताने, इतर दोन विद्या सोडू नकोस पण जगासाठी गात जा, अशा आशयाचा सल्ला दिला. पियानोसाठी सोसलेली दहा-बारा वर्षांची मेहनत दुय्यम ठरवून गळ्याची तालीम पहिल्या धड्यापासून आरंभणे हा निर्णय सोपा नव्हे. तिने तो केला, मिलानला जाऊन लाम्पेर्ती यांच्याकडे शिक्षण घेतले आणि १८७७ साली अथेन्समध्ये रंगभूमीवर पाऊल टाकले. आईचे माहेरचे आडनाव सेम्ब्रिख हे तिने रंगभूमीसाठी घेतले. ड्रेस्डेन आणि लंडन ही शहरे तिने लवकरच जिंकली.

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर बांधलेल्या मेट्रोपॉलिटन नाट्यगृहाचे दरवाजे २२ ऑक्टोबर १८८३ रोजी उघडले आणि तिसऱ्याच दिवशी, २४ तारखेला, सेम्ब्रिखबाई तेथे ‘लुचिया’च्या भूमिकेत उभ्या राहिल्या. हंगाम कलेच्या दृष्टीने गाजला, पण व्यवस्थापक हेन्री ॲबी यांना त्यात जबर खोट बसली. त्यांच्या साहाय्यार्थ २१ एप्रिल १८८४ रोजी जो कार्यक्रम झाला, त्यात बाईंनी जे केले ते त्या रंगमंचावर फारसे कोणाला साधलेले नाही. त्या गायल्या, मग व्हायोलिन घेऊन बेरियो याच्या कॉन्चेर्तोतील भाग त्यांनी वाजवला, आणि टाळ्या थांबेनात तेव्हा पियानोपुढे बसून शोपाँचा माझुर्का वाजवला. लिस्टपुढे झालेली ती परीक्षा त्या रात्री भरल्या नाट्यगृहात पुन्हा झाली, आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोनंतरच्या जलशात होता तसाच येथेही हेतू होता दुसऱ्याचे नुकसान भरून काढण्याचा.

त्यानंतर चौदा वर्षे त्यांनी युरोपात काढली आणि १८९८ साली त्या मेट्रोपॉलिटनला परतल्या. रोस्सिनीच्या ‘बार्बर ऑफ सेव्हिल’ या संगीतिकेत रोझीना शिकवणी घेते असा एक प्रसंग आहे आणि त्या प्रसंगी मूळ रचना बाजूला ठेवून गायिकेने आपल्या पसंतीचे गीत म्हणावे, असा त्या काळी प्रघात होता. बहुतेक गायिका तेथे तानांची आतषबाजी करीत. सेम्ब्रिखबाईही करीत, कारण तार सप्तकातील त्यांचे स्वर टपोऱ्या मोत्यांसारखे सुटे आणि पाणीदार होते. परंतु ‘वन्स मोअर’चा घोष झाला की त्या रंगमंचावरील पियानोपाशी जाऊन बसत आणि स्वतःच साथ करीत शोपाँचे एक साधे पोलिश गीत गात. कथानक सेव्हिलमधले, भाषा इटालियन, श्रोते अमेरिकन आणि त्या सर्वांच्या मध्यभागी विश्न्येव्चिकची ही लेक आपल्या मायबोलीत गात आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणले की मला भरून येते. ज्या राष्ट्राला त्या काळी कोठे वकिलात नव्हती, त्याची वकिली एवढ्या तीन-चार मिनिटांत होत असे.

मेट्रोपॉलिटनचे ग्रंथपाल लायोनेल मॅपलसन यांनी १९०१ ते १९०३ या काळात चालू प्रयोगांतून मेणाच्या नळकांड्यांवर जे ध्वनिमुद्रण केले, त्यात सेम्ब्रिखबाईंचा आवाज सापडतो. तो ऐकताना आधी खरखर, मग दूरवरच्या वाद्यांचा गलबला आणि त्या धुक्यातून अचानक वर चढलेली, काठावर क्षणभर थबकून सावकाश उतरणारी एक स्वच्छ तान कानी येते. त्या वर्षांतच निघालेल्या त्यांच्या तबकड्यांत आवाज अधिक स्पष्ट आहे. तरी मला ती खरखरच प्रिय, कारण तिच्यात श्रोत्यांनी भरलेले नाट्यगृह आहे.

६ फेब्रुवारी १९०९ रोजी मेट्रोपॉलिटनने त्यांना समारंभपूर्वक निरोप दिला, तेव्हा ऐन बहरात असलेल्या जेराल्डीन फरारने ‘त्राव्हियाता’तील फ्लोराची किरकोळ भूमिका आनंदाने पत्करली. पुढे १९१४ चे महायुद्ध पेटले आणि पोलंडची भूमी दोन्ही बाजूंच्या फौजांनी तुडवली, तेव्हा न्यूयॉर्कमधील पोलिश साहाय्य समितीचे अध्यक्षपद बाईंनी स्वीकारून देणग्या गोळा केल्या. १९१७ साली पती वारले. दुसऱ्याच वर्षी पोलंड स्वतंत्र झाला.

बाई मात्र अमेरिकेतच राहिल्या. फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत आणि न्यूयॉर्कच्या जुलिअर्डमध्ये त्या गायन शिकवीत आणि उन्हाळ्यात लेक जॉर्ज सरोवराच्या काठी बोल्टन लँडिंग येथे आपल्या गुलाबी रंगाच्या अभ्यासगृहात शिष्यांना तालीम देत. ११ जानेवारी १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे देहावसान झाले. दोनच वर्षांनी ते अभ्यासगृह त्यांचे स्मारक म्हणून लोकांना खुले करण्यात आले. रंगभूमीवरचे पोशाख, भेटी आणि चित्रे तेथे जपून ठेवलेली आहेत. पियानोही आहे, आणि उन्हाळ्यात सरोवराकडच्या त्या खोल्यांतून अजून गाण्याच्या मैफली होतात.