आडनाव नाही, पण खूण आहे

मित्सुबिशीचा लोगो आठवा. पत्त्यांतल्या चौकटासारखे तीन लाल आकार. 'मित्सु' म्हणजे तीन आणि 'हिशी' म्हणजे चक्क शिंगाडा! हो, आपला उपवासाचा. संस्थापक इवासाकी यातारोच्या घराण्याची खूण आणि तोसाच्या यामाउची सरदारांची तीन ओक पानं, या दोन 'कामोन'मधून हा लोगो आला.

कामोन म्हणजे घराण्याचं चिन्ह. आधी दरबारी लोकांच्या बैलगाड्यांवर, मग सामुराईंच्या निशाणांवर. लढाईत आपला कोण, परका कोण, हे लांबूनच कळायला हवं ना! म्हणून आकार एकदम सुटसुटीत. दिवसभर ॲपचे आयकॉन बघणाऱ्या मला तर हेवाच वाटतो.

पण मला भिडतो तो एदो काळातला साधा माणूस. शेतकरी, व्यापारी यांना चारचौघांत आडनाव लावायची सहसा परवानगी नव्हती. कामोनवर मात्र तशी बंदी नव्हती. तोकुगावा शोगुनांचं तीन पानांचं तेवढं वापरायचं नाही. मग दुकानाच्या पडद्यावर, किमोनोवर खुणा झळकू लागल्या. काबुकी नट इचिकावा दांजुरोची खूण तर एकात एक बसवलेली धान्याची तीन मापं! १८७० मध्ये सगळ्यांना आडनावाची मुभा मिळाली, १८७५ मध्ये सक्तीच झाली. खूण बऱ्याच घरांत आधीपासूनच होती.