सोडवणारा नात्यातला हवा

नागपूरहून येताना राजनांदगाव स्टेशन आलं की आजोबा अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "ह्याच लाइनीवर टिळकांना पुस्तक मिळालं." बाकीच्यांना लोकमान्य आठवायचे. मग आजोबा समजावून सांगायचे: हे नारायण वामन टिळक, फुलामुलांचे कवी. 1893 साली ते राजनांदगाव संस्थानात नोकरीला निघाले होते. गाडीत अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले, गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या. उतरताना वॉर्डसाहेबांनी त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि म्हणाले, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते बोलणं भलतंच वाटलं. पण पुस्तक रोज वाचायचं वचन त्यांनी दिलं होतं आणि दिलेला शब्द ते पाळत. पहिल्या पानापासून, हातात पेन्सिल घेऊन, खुणा करत ते वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. अहमदनगर सोडून ते रायपूरला आले आणि गोल बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांनी बिऱ्हाड केलं. रायपूरला मराठी माणूस नवा नव्हता. बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, छत्तीसगढात मराठी घरं वसलेली. तात्यापाऱ्यात माधवराव सप्रे राहत, ज्यांनी टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. हे मात्र लोकमान्यच. त्या मराठी घरांमध्ये आम्ही ख्रिस्ती होतो आणि शहरातल्या ख्रिस्ती घरांमध्ये आम्ही मराठी. बैरन बाजारातल्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये हिंदी उपासना व्हायची, ती आटोपून घरी आलो की आजी पंडिता रमाबाईंचं मराठी बायबल उघडायची.

तिचा एक दंडक होता. क्रूसाची गोष्ट ऐकायची असेल तर आधी बागेची ऐकायची. गुड फ्रायडेला पाहुणे आले तरी ती आदामापासून सुरू करी. पाप म्हणजे फळ खाल्लं, एवढ्यावर ती भागवत नसे. "फळ खाल्ल्यावर काय झालं ते बघ," ती म्हणायची. "आधी ती दोघं देवापासून लपली. मग नवऱ्यानं बायकोकडे बोट दाखवलं. पुढच्याच पानावर भावानं, काइनानं, भावाला मारलं आणि देवानं विचारलं तर म्हणाला, मी काय त्याचा राखणदार आहे? सगळी नाती मोडली पोरी, एकामागून एक."

आजीनं मनात बसवलेलं पापाचं हे रूप मी आजवर धरून आहे. पुढे मी बरीच धर्मशास्त्राची पुस्तकं वाचली. त्यांत पाप म्हणजे कायदेभंग आणि तारण म्हणजे दुसऱ्यानं भोगलेली शिक्षा, असं कोर्टातल्यासारखं मांडलेलं असतं. ते खोटं नाही. पौलाच्या पत्रांत त्याला आधार आहे. पण बायबल सलग वाचलं तर कोर्टाहून जुना आणि मोठा एक धागा हाती लागतो, तो नात्याचा. मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात, सोडवणुकीची रीत घालून दिली आहे. गरिबीमुळे कुणी जमीन विकली किंवा स्वतःलाच विकून घेतलं, तर त्याला सोडवायचा हक्क जवळच्या आप्ताचा: भावाचा, चुलत्याचा, चुलतभावाचा. किंमत द्यायची ती त्यानं, आणि का द्यायची, तर तो रक्ताचा आहे म्हणून.

उत्पत्तीतली यहूदाची गोष्ट आजीची सर्वांत लाडकी. योसेफाला मिसरला जाणाऱ्या व्यापाऱ्यांना विकून टाकू, ही कल्पना यहूदाचीच. पुढे दुष्काळात हेच भाऊ धान्यासाठी मिसरात गेले. धाकट्या बन्यामिनावर चोरीचा आळ आला, आणि समोर बसलेला अधिकारी योसेफच आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तेव्हा यहूदा पुढे आला. मी बापाला ह्या पोराचा जामीन राहिलोय, त्याला जाऊ द्या, त्याच्या जागी मला गुलाम करा, असं तो म्हणाला. भावाला विकणारा भावाच्या जागी उभा राहिला, तेव्हा योसेफाला रडू आवरेना. आजी इथे थांबून आमच्याकडे बघायची. आम्ही भावंडं त्या वेळी बहुधा भांडत असू.

मग रूथ. परक्या मवाब देशातली विधवा, सासूचा हात न सोडता बेथलेहेमला आलेली. तिथे तिला आणि तिच्या घराच्या जमिनीला सोडवण्याचा पहिला हक्क असलेला एक आप्त होता; त्यानं वेशीत सर्वांसमक्ष अंग काढून घेतलं. बवाज हा त्याच्या खालोखालचा आप्त, त्यानं सोडवलं. होशेय संदेष्ट्याची गोष्ट आजी आम्ही मोठे झाल्यावर सांगू लागली: घर सोडून गेलेल्या बायकोला त्यानं पंधरा शेकेल रुपं आणि दीड होमर जव देऊन परत आणलं. देवाचं आपल्या लोकांवरचं प्रेम असं असतं, हे त्याला स्वतःच्या संसारात भोगून सांगावं लागलं.

टिळकांनी गाडीत मिळालेलं ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं, हे मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. मत्तयाचं पहिलं पान म्हणजे वंशावळ. बहुतेक वाचक ते उलटून पुढे जातात. पण त्या नावांच्या यादीत यहूदा आहे, बवाज आहे, परदेशी रूथ आहे. ज्यांनी ज्यांनी नात्यापोटी किंमत मोजली, त्यांच्या घरात येशू जन्मला, हे मत्तय पहिल्याच पानावर सांगून टाकतो. देवानं माणूस का व्हायचं, ह्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. सोडवणारा नात्यातला हवा, म्हणून तो नात्यात आला.

मराठीत ही सलग कथा सांगायचा पहिला मोठा खटाटोप एका इंग्रजानं केला, हे आजोबांनी सांगितलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि 1616 मध्ये राचोलला त्यांचं 'क्रिस्तपुराण' छापून झालं. जवळजवळ 11 हजार ओव्या. 'पैलें पुराण' म्हणजे जुना करार, 'दुसरें पुराण' म्हणजे ख्रिस्तचरित्र. ग्रंथाच्या सुरुवातीला साष्टीतला एक नवख्रिस्ती ब्राह्मण गुरूला विचारतो की आमची जुनी पुराणं तर सुटली, आता त्यांच्या जागी वाचायला आम्हाला काही नको का? त्या प्रश्नातलं दुखणं खरं आहे. ज्यांची ऐकण्याची रीत हिरावली गेली, त्यांना नुसती तत्त्वांची वही पुरणार नव्हती. स्टीफन्सनी त्यांना आदामापासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यांच्याच ओवीत दिली. आजीची सुरुवातीपासून सांगायची रीत अशी चारशे वर्षांची आहे.

टिळकांनीही आयुष्याच्या उत्तरार्धात ओवीच धरली. 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून थोडंच झालं. 1919 साली ते गेले. उरलेला बहुतेक सगळा ग्रंथ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरा केला आणि तो 1938 साली, त्यांच्याही मागे, निघाला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'वर आजीचा जीव होता. त्यातलं सोवळ्याचं प्रकरण ती पुन्हा पुन्हा वाचून दाखवी. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना 1857 नंतर फाशी झाली, त्या धक्क्यानं वडिलांना सोवळ्याचं वेडच लागलं. मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घरात येई. त्या घरात वाढलेली मुलगी. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा तिचं सगळं जग कोसळलं. सुमारे पाच वर्षं ती बाप्तिस्म्यापासून दूर राहिली. मग एके दिवशी एकटीच विचार करत बसली असता तिला वाटलं की देवानं माणूस केला, बाई आणि पुरुष केले, जाती काही त्यानं केल्या नाहीत. उठली ती कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं असं ठरवूनच. ख्रिस्ती झाली त्याच्या आधीच ती आतून सुटली होती, असं आजी म्हणे. वडिलांनी आयुष्यभर धुऊनही न निघालेला डाग वेगळा होता, आणि तो पाण्यानं जाणारा नव्हता.

छत्तीसगढात ख्रिस्ताचा संदेश आला तो वेगळ्या वाटेनं. ऑस्कर लोर हे सायलेशियातले, आधी रांचीकडे गोस्नर मिशनमध्ये होते. 1857 च्या धामधुमीत ते निघून अमेरिकेला गेले आणि तिथल्या जर्मन मंडळीतर्फे 1868 साली रायपूरला आले. गुरू घासीदासांचा सतनामी पंथ जातपात नाकारतो हे ऐकून ते हरखले. जे सत्यनाम तुम्ही जपता तोच येशू, अशी त्यांची मांडणी. अख्खा पंथ आपल्याबरोबर येईल, ही त्यांची आशा फळली नाही. थोडे जण आले आणि विश्रामपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. जे आले त्यांच्याशी सोयऱ्यांनी रोटी-बेटी तोडली. नाती जोडणारा संदेश पहिल्याच दिवशी नाती तोडत होता, आणि विश्रामपूरच्या कुटुंबांनी त्याची किंमत मोजली. हे दुःख जुनं झालेलं नाही. जानेवारी 2025 मध्ये बस्तरमधल्या एका ख्रिस्ती मुलाला, बापाला गावातच पुरू द्या म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि शेवटी माती द्यावी लागली ती दूरच्या दफनभूमीत. माझ्या मते हा काइनाच्या उत्तराचाच आजचा अवतार आहे. ख्रिस्ती मंडळींनीही आपल्या हिंदू-आदिवासी सग्यांना परकं मानलं असेल तिथे तेच आपल्यालाही लागू आहे.

पंडिता रमाबाईंनी नात्याचा हा धागा कृतीत आणला. त्यांचे आईवडील आणि बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेले. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं ऐकलं तेव्हा ते दिवस त्यांच्या अंगावर आले असणार. रायपूर तेव्हा मध्य प्रांतातच होतं. बाई स्वतः ह्या प्रांतात हिंडल्या आणि शेकडो उपाशी मुली आणि विधवा घेऊन परतल्या. त्यांचा बाप्तिस्मा 1883 सालीच झाला होता. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे कळायला पुढे आठेक वर्षं लागली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. केडगावला त्याच मुलींच्या हातांनी खिळे जुळवून बायबल छापलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं ते भाषांतर 1922 साली, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस पुरं झालं आणि 1924 मध्ये निघालं.

आणि आजीला हे सगळं समजलं कुठे, तर गोल बाजारात.

तिथे बांगड्या, मसाले आणि लग्नाचं सामान ह्यांच्या गर्दीत बांबूच्या सुपा-टोपल्या विकणारी एक कंडरा समाजाची बाई बसायची. मी गेले की "आ नोनी" म्हणून जवळ बसवून घ्यायची. ती आजीची भोजली. छत्तीसगढात मितान बदतात: दोन माणसं रीतीप्रमाणे नातं जोडतात आणि मग जात कोणतीही असो, ती जन्माची सगी होतात. बायका श्रावणात गव्हाचे अंकुर वाढवतात, राखीच्या दुसऱ्या दिवशी ते तलावात शिरवताना एकमेकींच्या कानांवर खोवतात आणि त्या दिवसापासून एकमेकींना नावानं हाक मारत नाहीत, 'भोजली' म्हणतात. बुढा तलावाच्या काठावर आजीनं हे केलं तेव्हा ओळखीच्या काही ख्रिस्ती बायकांनी नाकं मुरडली होती.

आजोबा आजारी पडले त्या वर्षी आजीनं पाटल्या सदर बाजारातल्या सराफाकडे ठेवल्या. पुढे आत्याचं लग्न ठरलं आणि हात रिकामे. आजीनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. लग्नाच्या आठवड्यात भोजली दारात आली आणि पदरातून पाटल्या काढून तिच्या हातात घातल्या. त्यांच्या जागी तिनं आपलं चांदीचं करधन आणि साठवलेले पैसे सराफाकडे ठेवले होते. तिच्या घरातला तेवढाच दागिना. आजी रडत म्हणाली, हे मी कसं फेडू? भोजलीला त्या प्रश्नाचा राग आला. भोजलीला कुणी असं विचारतं का, असं म्हणून ती जेवायला बसली.

"इतकी वर्षं वाचत होते," आजी सांगायची, "कळलं त्या दिवशी." भोजली कधी ख्रिस्ती झाली नाही. आजीनं तिला तसं कधी म्हटलंही नाही, तिची गोष्ट मात्र बवाजाच्या गोष्टीला जोडूनच सांगितली. त्यात तिला विसंगती वाटली नाही. मलाही वाटत नाही. भोजलीनं केलं ते नातं होतं म्हणून. कालव्हरीवर जे झालं ते त्याहून अमाप मोठं आहे असं मी मानते, पण त्याची जात हीच आहे.

आता रविवारच्या शाळेत मी मुलांना शिकवते तेव्हा शेवटी फिलेमोनाचं पत्र घेते. बायबलमधलं ते एका पानाचं पत्र, मोठ्यांच्या प्रवचनांत फारसं न येणारं. अनेसिम हा पळालेला गुलाम. पौल त्याला धन्याकडे परत पाठवतो आणि धन्याला लिहितो की त्याला आता गुलाम म्हणून नको, भाऊ म्हणून घे, आणि त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी देईन. पौलानं ते स्वतःच्या हातानं लिहिलं आहे, जणू कर्जरोख्यावर सही. मुलं लगेच विचारतात, मग फिलेमोनानं काय केलं? बायबल ते सांगत नाही. गेल्या खेपेला वर्ग अर्धा-अर्धा झाला. काहींना खात्री होती की त्यानं अनेसिमला मिठी मारली. एक मुलगा म्हणाला की आधी त्यानं हिशेबाची वही काढली असेल. त्यावर जी बाचाबाची सुरू झाली ती घंटा झाली तरी मिटली नाही, आणि मी ती मिटवलीही नाही.