कडी लागली, हे कोणी सांगायचे?



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले म्हणजे राज्ये, लढाया आणि थोर पुरुष ऐकायला मिळणार, अशी आपली अपेक्षा असते. आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे, ती मुठीत मावेल एवढी आहे. विमानाच्या अंगावर शेकडो झाकणे असतात. इंजिनावरची, बिनतारी यंत्राच्या पेटीवरची, तेल तपासण्याच्या जागेवरची, सामानाच्या कोठीवरची. ही झाकणे तपासणीसाठी वारंवार उघडावी लागतात आणि उड्डाणापूर्वी प्रत्येक वेळी घट्ट लावावी लागतात. ती धरून ठेवणारी स्प्रिंगची खिटी, चाप किंवा कडी हा आजचा विषय आहे. इंजिनिअरिंगची पदवी माझ्यापाशी नाही. कामगार संघटनेच्या कामात अपघातांचे अहवाल वाचणे भाग पडले. ते वाचता वाचता जे समजले, तेच आपल्यापुढे ठेवतो.

घराच्या दाराची कडी कोयंड्यात पडली की तिचा आवाज होतो आणि ती डोळ्यांना दिसते. शिवाय घर हलत नाही. विमानाचे तसे नाही. इंजिन चालू असेपर्यंत सारे अंग थरथरत असते. बाहेरचा वारा झाकणाच्या फटीत बोट घालून ते उपटू पाहतो. आणि उंचावर गेल्यावर आतल्या हवेचा दाब दाराला बाहेर ढकलत राहतो. दर चौरस सेंटीमीटरला अर्ध्या किलोचा फरक धरला, तरी एका चौरस मीटरच्या दारावर पाच टनांचा रेटा बसतो. एवढ्या तिघा शत्रूंना तोंड देऊन त्या लहानशा खिटीला उभे राहायचे असते.

प्रारंभीच्या काळात झाकणे स्क्रूने आवळीत असत. यात दोन अडचणी होत्या. थरथरीने स्क्रू सैल होत आणि गळून पडत. दुसरे म्हणजे एक झाकण काढायचे, तर मेकॅनिकने दहा-वीस स्क्रू फिरवत बसायचे आणि पुन्हा लावताना त्यांतला एखादा गवतात हरवलेला शोधायचा. या अडचणीवर ज्याने नामी तोड काढली, त्याचे नाव विल्यम झूस. तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील, आज युक्रेनच्या पश्चिम भागात असलेल्या एका खेड्यात १८९५ साली त्याचा जन्म झाला. तो अमेरिकेत जाऊन स्थायिक झाला आणि १९३० नंतरच्या दशकात त्याने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आपल्या खिटीचा कारखाना काढला. पुढे पैसा हाती आल्यावर १९४८ साली त्याने आपल्या देशबांधवांसाठी अमेरिकेत युक्रेनियन संस्कृतीची एक संस्था स्थापन केली. १९६४ साली तो वारला. त्याची खिटी मात्र अजून जगभर विमानांवर आहे आणि शर्यतीच्या मोटारींवरही आहे.

तिची रचना ऐका. झाकणात एक जाड खुंटी बसवलेली असते. ती झाकणातून सुटत नाही, म्हणून हरवत नाही. खुंटीच्या खालच्या टोकाला नागमोडी चढण असलेली खाच असते. विमानाच्या अंगावर त्या भोकाखाली पोलादी तारेची एक स्प्रिंग आडवी ठोकलेली असते. खुंटी भोकात घालायची आणि पाव फेरा फिरवायची. तार खाचेच्या चढणीवरून वर सरकते, ताणली जाते आणि शेवटी एका लहान खळग्यात पडते. ती पडताच बोटांना टक् असे जाणवते. आता इंजिन कितीही थरथरले, तरी ताणलेली तार खुंटीला त्या खळग्यातच ओढून धरते. स्क्रू ज्या थरथरीने सुटत होता, ती इथे निष्प्रभ ठरते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी विमानांवर ही खिटी सर्रास बसली, याचे कारण हेच.

पण तिचा आणखी एक गुण आहे आणि माझ्या मते तो सर्वांत मोठा. खुंटीच्या डोक्यावर स्क्रूप्रमाणे एक चीर असते. खिटी पुरती लागली की ती चीर ठराविक दिशेला येते. मेकॅनिक लोक झाकणावर रंगाची एक रेघ ओढतात. चीर आणि रेघ एका ओळीत आली म्हणजे खिटी लागली. विमानाभोवती फेरी मारणाऱ्याला हात न लावता, चार पावलांवरून कळते. म्हणजे ही खिटी झाकण धरते, चटकन उघडते, आणि आपण लागलो आहोत की नाही हे सांगतेही. चांगल्या कडीची ही तीन कामे. पहिल्या दोन कामांसाठी कारखानदार पैसे खर्च करतात. तिसरे काम पुष्कळदा विसरले जाते, आणि त्याची किंमत किती मोठी असते हे आता सांगतो.

कडीचा दुसरा एक प्रकार आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे. जेवणाच्या कप्प्यांच्या डब्याला बाजूने चाप असतो. तो दाबताना आधी जोर लागतो, मग एका क्षणी तो मधली रेषा ओलांडतो आणि आपणहून खाली बसतो. त्यानंतर आतून झाकणाला जितका रेटा बसेल, तितका तो अधिकच घट्ट होतो. पण मधली रेषा ओलांडायच्या अलीकडे तो थांबला, तर? लांबून तो लागलेलाच दिसतो. डबा हिसकला की उघडतो आणि आमटी रस्त्यावर. विमानांच्या मोठ्या झाकणांना आणि सामानाच्या दारांना याच तत्त्वावरचे आकडे असतात.

मॅकडोनेल डग्लस या अमेरिकी कंपनीचे डीसी-१० हे विमान १९७० साली प्रथम उडाले. बहुतेक प्रवासी विमानांची माणसांची दारे बाटलीच्या आतून बसवलेल्या बुचासारखी असतात. आतला दाब त्यांना अधिकच घट्ट बसवतो. डीसी-१० च्या मागल्या सामानाच्या कोठीचे दार मात्र बाहेर उघडणारे होते. आत जागा वाचत होती, पण सारा भार आकड्यांवर आला. विजेच्या मोटरने आकडे फिरत, उंबरठ्यावरच्या गुंड्या पकडत आणि मधली रेषा ओलांडत. मग कामगाराने बाहेरचा दांडा खाली दाबायचा. त्याने आकड्यांमागे अडसर सरकत आणि दारावरची एक लहान झडप बंद होई. आकडे पुरते बसले नसतील तर अडसर अडणार आणि दांडा खाली जाणार नाही, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात आतल्या सळया इतक्या लवचीक होत्या की जोर केला की त्या वाकत, आकडे अर्धे असतानाच दांडा खाली जाई आणि झडपही मिटे. दार खोटे सांगत होते.

१२ जून १९७२ रोजी डेट्रॉइटहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१० चे हे दार कॅनडातील विंडसर शहरावर असताना उडाले. ते लावणाऱ्या कामगाराला दांडा जड गेला होता, त्याने गुडघा लावून तो दाबला होता आणि झडप वाकडी दिसते म्हणून मेकॅनिकला दाखवलीही होती. दार जाताच कोठीतला दाब एकदम गेला, वरच्या मजल्याची जमीन खचली आणि तिच्याखालून जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा निकामी झाल्या. कॅप्टन मॅकॉर्मिक यांनी मोठ्या कौशल्याने विमान उतरवले; ६७ ही माणसे वाचली. त्यानंतर १५ दिवसांनी, २७ जूनला, विमानाचे अंग बनवणाऱ्या कॉनव्हेअर कंपनीतील डॅन ॲपलगेट या इंजिनिअरने वरिष्ठांना लेखी कळवले की पुढच्या वीस वर्षांत ही दारे पुन्हा उघडतील आणि तेव्हा विमान बहुधा नष्ट होईल. त्या कागदावर चर्चा झाली ती खर्च कोणी सोसायचा याची. सरकारी खात्यानेही सक्तीचा हुकूम काढला नाही. कंपनीच्या सूचनापत्रावर भागवले. दुरुस्ती म्हणून दाराला इंचभर व्यासाची काच बसवण्यात आली, तीतून डोकावून अडसर बसला का ते पाहायचे. आणि सळया वाकू नयेत म्हणून आत एक आधाराची पट्टी बसवायची होती.

३ मार्च १९७४. टर्किश एअरलाइन्सचे डीसी-१० पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून लंडनला निघाले. ब्रिटिश विमान-कर्मचाऱ्यांच्या संपामुळे इतर उड्डाणे रद्द झाली होती, म्हणून अडकलेले प्रवासी या विमानात दाटीवाटीने बसले होते. या विमानाच्या कागदपत्रांवर आधाराची पट्टी बसवल्याची नोंद होती. प्रत्यक्षात पट्टी नव्हती. उलट आतली जुळणी अशी बिघडली होती की दांडा खाली दाबायला विशेष जोरही लागला नाही. विमान सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर असताना दार उडाले, जमीन खचली, तारा तुटल्या. सव्वा मिनिटाच्या आसपास विमान एर्मेनोंव्हिलच्या जंगलात कोसळले. ३४६ माणसे गेली.

पहिले बोट कोणाकडे दाखवले गेले, हे आपण ओळखले असेलच. दार लावणाऱ्या हमालाकडे. तो अल्जीरियाहून फ्रान्समध्ये पोटासाठी आलेला होता. त्याला तीन भाषा लिहिता-वाचता येत होत्या. दारावरची सूचना इंग्रजी आणि तुर्कीत होती. नेमक्या या दोन भाषा त्याला येत नव्हत्या. दांडा खाली गेला आणि झडप मिटली म्हणजे दार लागले, असे त्याला शिकवलेले होते आणि त्याने तसेच केले. काचेतून काय पाहायचे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तो कामचुकार नव्हता. दोन वर्षांपूर्वी ज्यांना दाराचा दोष कळला होता, ती सारी सुशिक्षित माणसे त्याच्यापासून फार दूर बसलेली होती.

ही गोष्ट परदेशची म्हणून सोडून देऊ नये. एका कारखान्याच्या खातेचौकशीत मी कामगाराच्या बाजूने बसलो होतो. प्रेसच्या जाळीची खिटी अर्धी लागली, जाळी उचलली गेली आणि त्याची दोन बोटे गेली. आरोपपत्र त्याच्याच नावे होते: निष्काळजीपणा. मी ती जाळी चौकशीच्या खोलीत आणवली. एकदा खिटी पुरती लावली, एकदा अर्धी, आणि टेबलापलीकडच्या साहेबांना फरक विचारला. कोणालाच सांगता आला नाही. आरोपपत्र मागे घेतले गेले आणि जाळीला नवी खिटी आली. यंत्राच्या धोक्याच्या भागाला आडोसा घालणे हे मालकाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व इंग्लंडच्या १८४४ च्या कायद्याने गिरण्यांपुरते मानले आणि आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमात ते स्पष्ट आले. पण आडोसा लागला आहे की नाही, हे त्या आडोशानेच दाखवले पाहिजे, ही गोष्ट प्रत्येक खात्यात नव्याने भांडून मिळवावी लागते.

कामगाराची चूक कधीच नसते, असे सांगायला मी आलेलो नाही. २४ मे २०१३ ला लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून ओस्लोला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या एअरबस ए-३१९ विमानाच्या दोन्ही इंजिनांवरची झाकणे उड्डाण करतानाच उडाली. इंधन गळले, एका इंजिनाला आग लागली. विमान परतले आणि आतली ८० माणसे वाचली. रात्री तेल तपासण्यासाठी दोघा तंत्रज्ञांनी झाकणे उघडली होती. तेल भरण्याचे साधन आणून काम पुरे करू म्हणून ती न लावता ते गेले, आणि परतले ते दुसऱ्याच विमानापाशी. तिथली झाकणे लागलेली पाहून कोणी तरी काम केले असावे, अशी त्यांची समजूत झाली. ही चूकच होती. परंतु अशा विमानांची झाकणे त्याआधीही अनेकदा, निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या हातांनी उघडी राहून उडालेली होती. त्यांचे आकडे इंजिनाच्या पोटाखाली, जमिनीलगत असतात. पाहायचे तर गुडघे टेकून वाकावे लागते. उभ्या माणसाला झाकण लागलेलेच वाटते. एकच चूक इतके वेगवेगळे हात करतात, तेव्हा दोष त्या हातांना चिकटवून मोकळे होता येत नाही.

यावर जो उपाय निघाला तो मला फार मोलाचा वाटतो. २०१६ साली युरोपच्या विमान-सुरक्षा संस्थेने एका विशिष्ट इंजिनाच्या अशा विमानांसाठी नवा आकडा सक्तीचा केला. तो उघडायला किल्ली लागते. आकडा पुरता लागल्याखेरीज किल्ली त्यातून निघतच नाही, आणि निघालेली किल्ली वैमानिकांच्या खोलीत तिच्या ठरल्या जागी ठेवावी लागते. ती जागा रिकामी दिसली की विचारणा होणारच. कोणावर ओरडा केला नाही, नवे परिपत्रक भिंतीवर चिकटवले नाही. दमलेल्या, झोप न झालेल्या, भाषा न येणाऱ्या माणसालाही कळेल असे त्या कडीलाच बोलते केले.

श्रोत्यांपैकी कित्येकजण कारखान्यांत, दवाखान्यांत, एसटीच्या आगारांत काम करतात. काहीजण चौकशीच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतात. कागदावर 'निष्काळजीपणा' हा शब्द लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. अर्धी लागलेली कडी आणि पुरती लागलेली कडी वेगळी दिसते काय? ती लावणाऱ्याला, आहे त्या जागी उभे राहून ती पाहता येते काय? आणि तिच्याविषयीची सूचना त्याच्या भाषेत, त्याच्यापर्यंत पोहोचली होती काय? तिन्हींना 'होय' असे उत्तर आले, तर खुशाल त्या माणसाला जाब विचारा. एकालाही 'नाही' आले, तर चौकशी त्याच्यापाशी थांबवू नका. ती कडी ज्यांनी घडवली, निवडली आणि विकत घेतली, त्यांच्या दारापर्यंत न्या.