त्याग, व्यसन आणि कामाची जागा : रंगस्मृतीचे एक वाचन

मराठी रंगभूमीच्या इतिहासात एक प्रसंग हमखास सांगितला जातो. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग केला. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली. तरीही भामिनीच्या भूमिकेत ते रंगमंचावर उभे राहिले. ही कथा आपण कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून वाचत आलो. परंतु तीत एका कामाच्या जागेचा इतिहासही दडलेला आहे.

नाटक मंडळी ही केवळ कलासंस्था नव्हती. पगार, बिऱ्हाड, पंगत, प्रवास हे सारे तिच्याच छायेत चाले. तिने नटाला आसरा दिला; पण जाहीर झालेल्या खेळावर साऱ्या मंडळीचे पोट अवलंबून असल्याने शोकाला सवड उरत नसे. प्रयोग करण्याचा निर्णय सर्वस्वी नटाचा होता असे मानले, तरी प्रश्न मिटत नाही. रंगमंचावर उभे राहणाऱ्याचा गौरव करणाऱ्या परंपरेने, थांबू इच्छिणाऱ्यासाठी कोणता शब्द राखून ठेवला होता?

१९३१ नंतर बोलपट आले, मंडळ्या खचल्या आणि अनेक कलावंत स्टुडिओकडे वळले. या पर्वाची विलक्षण साक्ष म्हणजे हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' (१९७०) हे आत्मकथन. बालवयात पडद्यावर येऊन कुटुंबाचा भार वाहणाऱ्या या अभिनेत्रीने आपले मद्यपान लपवले नाही. तथापि अशा आत्मकथनाकडे 'बेधडक कबुली' म्हणून पाहिले, की व्यसन हा व्यक्तिस्वभावाचा दोष ठरतो. कमावत्या मुलीवरचा ताण आणि कामातील असुरक्षितता नजरेआड होते. नटाचे दुःख त्याग ठरते, नटीचे दुःख स्वैराचार. दोन्ही वाचनांत कामाची जागा निर्दोष सुटते.

१९८६ मध्ये पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्याला पु. ल. देशपांडे यांचे अर्थसाहाय्य लाभले, ही घटना साहित्यव्यवहारालाही भूषणावह आहे. मात्र असे केंद्र माणसाला सावरते ते तो कोसळल्यावर, आणि तेही कामाच्या जागेबाहेर. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत व्यक्तीच्या समुपदेशनाबरोबरच कामाची परिस्थिती बदलण्यावर भर आहे.

हा बदल घडवणे समीक्षेच्या हाती नाही, हे खरे. परंतु वेदनेला प्रतिभेची किंमत ठरवणारी भाषा पुष्कळ अंशी समीक्षेनेच रूढ केली. तिचा पुनर्विचार करणे मात्र निश्चितच तिच्या हाती आहे. यापुढे १९११ चा तो प्रसंग सांगताना टाळ्यांबरोबर पडदा पडल्यानंतरच्या रात्रीचाही विचार व्हावा. त्या रात्री त्या पित्याजवळ कोण बसले होते, हे आपण कधी विचारलेच नाही.